‘कनातीआड’चे संवाद कोणी लिहिले

श्रीरंग चौबळ चहा बशीत ओतत, तो गार झाला की परत कपात ओतत, आणि मग कपातूनच पीत. वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचायला घेत. पेन कानावर ठेवत आणि घरभर शोधत. लिफ्टमधल्या, मेट्रोतल्या, बँकेतल्या सरकारी हिंदी पाट्या वाचताना त्यांचे ओठ हलत; भाषांतर मनातल्या मनात दुरुस्त करणं चालू असे. फोन केला की आधी विचारत, “दोन मिनिटं आहेत का?” आणि खरोखरच दोन मिनिटांत ठेवत. कार्यक्रमाला शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसत. आणि ‘कनातीआड’ हा सिनेमा कुठंही लागला, टीव्हीवर, मंडळात, कुणाच्या फोनवर, की ते पाणी प्यायला उठत.

दोन वर्षं मी हे बघत होते. शेवटच्या सवयीचा अर्थ मला उशिरा कळला. कळल्यावर मी जे केलं, ते केलं नसतं तर बरं झालं असतं.

मी उदगीरची. मराठी घेऊन एम. ए. झाले आणि स्पर्धा परीक्षेसाठी दिल्लीला आले. द्वारकेत पीजीत राहते. दर रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये मंडळाचा मराठी वर्ग असतो. तिथं मी मुलांना शिकवायचे आणि चौबळ काका मागं बसून मदत करायचे. ते केंद्र सरकारच्या भाषांतर विभागातून निवृत्त झाले होते. इथं वाढलेल्या मुलांचे शब्द गळून गेलेले असतात. एकदा एका मुलीनं विचारलं, “कनात मतलब क्या, आजोबा?”

“तंबूची भिंत. कापडाची.”

“कपडे की दीवार? उसमें से तो सब सुनाई देगा!”

“ऐकू येतं. पण सगळ्यांनी मिळून समजायचं की भिंत आहे.”

मुलगी हसली. काका हसले नाहीत.

‘कनातीआड’ न पाहिलेला मराठी माणूस दिल्लीत सापडणं कठीण, कारण गोष्ट इथलीच आहे. अठराव्या शतकात यमुनेकाठी मराठ्यांची छावणी पडली आहे. रायाजी नावाचा सरदार दोन वर्षं मोहिमेवर आहे, आणि त्याची बायको सगुणा कुटुंबकबिल्याबरोबर छावणीत येऊन पोचते. दोघांना एक रात्र एकांत हवा आहे. तो मिळत नाही. एका कनातीपलीकडे सासू, दुसरीपलीकडे उपाध्ये, मागं हत्तीचा माहूत. सहा रात्री आणि सहा फजित्या, एवढीच गोष्ट. पंच्याऐंशी साली सिनेमा आला तेव्हा कुणी त्याला वाह्यात म्हणालं, कुणी वर्षातला सर्वोत्तम चित्रपट. पुरस्कार मिळाले, ते घ्यायला दिग्दर्शक एकटाच गेला. संवादलेखकाच्या जागी पडद्यावर एवढंच येतं : एक शिलेदार.

चावट सिनेमे पुष्कळ झाले आणि विसरले गेले. त्यांत माणसं बाईवर हसतात. इथं बाई हसते. तिला नवरा हवा आहे, आणि हवा आहे हे सांगताना ती लाजत नाही, घाणही बोलत नाही. ‘दिल्ली घ्यायला तीन महिने लावलेत म्हणे. मग इथंच कसली घाई?’ असं ती रायाजीला विचारते तेव्हा तो बिचारा अंगरख्याच्या नाडीशी झटत असतो. चौथ्या रात्री तो चोरपावलांनी येतो आणि अंधारात नगाऱ्यावर आपटतो. सगुणा आतून म्हणते, ‘वाजला नगारा. आता साऱ्या फौजेला कळलं, स्वारी निघाली!’ हे वाक्य आमच्याकडे अजून चालतं. नोएडात कुणी मीटिंगमध्ये खुर्ची पाडली तरी मराठी माणूस दुसऱ्याकडे बघून पुटपुटतो, “वाजला नगारा.”

गेल्या वर्षी गणपतीत आम्ही तो प्रवेश बसवला. मी सगुणा. रायाजी झाला हेरंब. तो नोएडात एका वाहिनीत काम करतो आणि मंडळाचा सचिव आहे. तालीम चौबळ काकांकडे होती. कौशल्याकाकू स्वयंपाकघरात पोहे करत होत्या. मी नगाऱ्याचं वाक्य म्हटलं. काका पेन शोधता शोधता थांबले.

“स्वरूपा, तू फार मोठ्यानं बोलतेस. सगुणा कुजबुजते. आणि त्यानंतर थांबते. मग म्हणते, ‘आता स्वारी पोचलीच नाही, तर फौज काय म्हणेल?’”

हेरंब खो खो हसला. मग म्हणाला, “काका, ही लाइन नाहीये यार फिल्ममध्ये. मी चाळीस वेळा बघितलीय.”

“सेन्सॉरनं कापली.”

“अच्छा! तुम्हाला कसं माहीत?”

काका पाणी प्यायला उठले. आतून काकूंचा आवाज आला, “हेरंब, तुझा रायाजी फार जाड आहे हो. कनातच पडायची.” सगळे हसले आणि तालीम पुढं गेली.

मी मात्र त्या वाक्यापाशीच राहिले. कापलेलं वाक्य पाठ असलेला माणूस प्रेक्षक नसतो. दुसऱ्या दिवशी आम्ही मेट्रो स्टेशनकडे चालत होतो, तेव्हा विचारलं, “काका, शिलेदार तुम्ही आहात?”

त्यांनी खांबावरची एक सरकारी पाटी वाचून काढली. मग म्हणाले, “अर्धा.”

मला वाटलं होतं, सरकारी नोकरी म्हणून नाव लपवलं असेल. परवानगी घ्यावी लागते, ती घेतली नसेल. ते म्हणाले, हो, तेही होतं. पण खरं कारण ते नव्हतं.

लग्न झालं तेव्हा ते कनिष्ठ अनुवादक होते. सरोजिनी नगरात दोन खोल्यांचं क्वार्टर. एका खोलीत आईवडील, दुसरीत धाकटा भाऊ, आणि भावाच्या खाटेपलीकडे दोरीवर चादर टाकून नवी नवरानवरी. भाऊ झोपला की कौशल्याकाकू कुजबुजायला सुरुवात करत. एकदा काकांचा पाय पितळी तांब्याला लागला आणि तो घरंगळत वडिलांच्या खोलीपर्यंत गेला. चादरीमागून आवाज आला, “वाजला नगारा. आता सगळ्या क्वार्टरला कळलं, स्वारी निघाली.”

“मी तोंडात उशी कोंबून हसलो,” काका म्हणाले. “रोज एक नवीन. मी ऑफिसात बसून आठवायचो आणि साहेब विचारायचे, चौबळ, परिपत्रकात हसण्यासारखं काय आहे?”

त्र्याऐंशी साली त्यांचा कॉलेजमधला मित्र भालचंद्र, पुढं ‘कनातीआड’चा दिग्दर्शक, क्वार्टरवर मुक्कामाला आला. त्याच्याकडे छावणीची गोष्ट होती, पैसे थोडे होते, संवाद लिहायला कुणी नव्हतं. काकांनी चाळीस दिवसांत लिहून दिले. जेवणाच्या सुट्टीत, जुन्या मसुद्यांच्या कोऱ्या बाजूंवर. रायाजी त्यांनी स्वतः रचला. सगुणा रचावी लागली नाही.

“काकूंना विचारलंत?”

“विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती.” मग म्हणाले, “मला वाटलं, बघून खूश होईल. सरप्राइज म्हणून घेऊन गेलो.”

दिल्लीतला पहिला खेळ रविवारी सकाळी होता. हॉल भरला होता. काकू पहिला अर्धा तास सगळ्यांसारख्या हसत होत्या. मग नगारा वाजला. सहाशे माणसं हसली.

“आणि ती हसायची थांबली. एवढ्या गदारोळात ते मला ऐकू आलं.”

बसमधून घरी येताना काकू एवढंच म्हणाल्या, भाजी घ्यायची आहे. त्या दिवसानंतर चादरीआड कुजबुज झाली नाही. पुढं मोठं क्वार्टर मिळालं, खोलीला दार मिळालं, मुलगा केतन झाला, द्वारकेत फ्लॅट झाला. दोघांनी त्या सिनेमाचं नाव एकमेकांसमोर कधी घेतलं नाही.

“पण काकू तर किती बोलतात,” मी म्हटलं. “कालच हेरंबला…”

“लोकांत बोलते. माझ्याशी नाही. माझ्यासाठी वहीत लिहिते.”

वहीत काय लिहितात, हे मी विचारलं नाही. मला शिलेदार सापडला होता. मी त्याच आनंदात होते.

या ऑक्टोबरात हेरंबनं मंडळाच्या ग्रुपवर निरोप टाकला. पुण्यातली एक संस्था ‘कनातीआड’ची जुनी प्रत स्वच्छ करत होती. नव्या प्रतीवर नवी श्रेयनामावली येणार होती. दिग्दर्शक हयात नाही; संवादलेखकाचं खरं नाव कुणाला माहीत असेल, तर लेखकाच्या सहीचं पत्र तीस नोव्हेंबरपर्यंत हवं. त्यानंतर जुनंच राहील.

मी धावत काकांकडे गेले. काकू भाजी आणायला खाली गेल्या होत्या.

“नाव येईल तर दोघांचं,” काका म्हणाले. “तिचं आधी. पण त्यासाठी तिला विचारलं पाहिजे. आणि ते विचारायचं तर आधी न विचारता घेतल्याचं सांगितलं पाहिजे.”

“मग सांगा ना!”

“चाळीस वर्षं सांगतोच आहे,” ते म्हणाले. “रोज दात घासताना, आरशाला.”

पंधरा नोव्हेंबरला त्यांचा फोन आला. दोन मिनिटं आहेत का? मी गेले. त्यांनी एक लांब वही पुढं केली. पानाला डावीकडे रुंद समास, जसा सरकारी टिपणीच्या कागदाला असतो. काकू झोपल्या होत्या, दुपारच्या.

“मसुदा बघ. तू साहित्याची विद्यार्थिनी.”

सुंदर अक्षरात लिहिलं होतं :

विषय : ‘कनातीआड’ या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नावाचा समावेश करण्याबाबत.

१. सन १९८३ मध्ये अधोस्वाक्षरीकाराने सदर चित्रपटाचे संवाद लिहिले. त्यांपैकी सगुणा या पात्राच्या तोंडची एकवीस वाक्ये मूळची आपली आहेत. ती आपणास न विचारता वापरण्यात आली.

२. ही चूक होती. ती चाळीस वर्षे कबूल करण्यात आली नाही, ही त्याहून मोठी चूक होय.

३. आपली संमती असल्यास आपले नाव प्रथम व अधोस्वाक्षरीकाराचे नंतर घालावे, असा प्रस्ताव आहे.

४. क्षमेचा विषय सर्वस्वी आपल्या अखत्यारीत आहे.

आदेशार्थ सादर.

मी हसले. मग गंभीर झाले. मला वाटलं, मी या माणसाला वाचवते आहे.

“काका, माफी अशी मागतात का? विषय, प्रस्ताव, अधोस्वाक्षरीकार? ही बायको आहे, मंत्रालय नाही. साधं लिहा. प्रिय कौशल्या म्हणा. मनातलं लिहा. नाही तर सरळ समोर बसून बोला.”

“आमच्याकडे असंच चालतं,” ते म्हणाले.

“म्हणूनच तर चाळीस वर्षं गेली.”

ते वाक्य मी बोलले. ते मागं घेता येत नाही.

त्यांनी वही जवळ घेतली. पान बघितलं. मग पट्टी लावून ते नीट फाडलं, चार घड्या केल्या आणि खिशात ठेवलं. म्हणाले, “बरोबर आहे तुझं. भाषांतर केलं की मूळ हरवतं, हे मीच सगळ्यांना सांगायचो.”

पुढचे दिवस धुराचे होते. समोरची इमारत दिसत नव्हती, काकांचं फिरणं बंद झालं होतं. मी दोनदा फोन केला. पहिल्यांदा म्हणाले, “लिहितोय.” दुसऱ्यांदा म्हणाले, “साधं लिहिणं अवघड आहे ग.” मी म्हटलं, “घाई नाही, अजून आठवडा आहे.”

चोवीस तारखेला सकाळी ते दूध आणायला निघाले आणि लिफ्टमध्येच खाली बसले. केतन गुरुग्रामहून पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. त्यांच्या शर्टाच्या खिशात चार घड्यांचा कागद नव्हता. मी विचारायचं धाडस करून केतनला विचारलं. नव्हता. कुठं टाकला, माहीत नाही.

तीस तारीख आली. हेरंबचा फोन आला. मी त्याला शिलेदाराबद्दल कधी सांगितलं नव्हतं, तेव्हाही सांगितलं नाही. प्रत जुन्याच नावानं गेली.

बाराव्या दिवसानंतर काकूंनी मला बोलावलं. टेबलावर वह्या रचल्या होत्या. एकोणीस होत्या. सगळ्या लांब, सगळ्यांना डावीकडे समास.

“तू बघितल्यास का ह्या कधी?”

“एकच पान बघितलं.”

“मग बाकीची बघ.”

मी मधलीच एक उघडली. उजवीकडे काकांचं अक्षर, समासात काकूंचं.

विषय : नवीन मिक्सर खरेदी करण्याबाबत. समासात : जुना अजून साहेबांपेक्षा कमी घोरतो. नामंजूर.

विषय : अधोस्वाक्षरीकाराच्या गुडघ्याची तपासणी. समासात : गुडघा कामाला लागल्याचे गेल्या महिन्यात दिसले नाही. कारण स्पष्ट करा.

विषय : थंडीपूर्वी दोन गाद्या बदलण्याबाबत. समासात : एक पुरे. दुसरीवर कोण झोपते? त्याखाली काकांनी लिहिलं होतं : स्पष्टीकरण समक्ष सादर केले. त्याखाली काकूंचं : ग्राह्य. पण उशीर फार.

तारीख पाच वर्षांपूर्वीची होती. मी वर बघितलं. काकू खिडकीकडे बघत होत्या.

“सिनेमा बघून आलो आणि माझी दातखीळच बसली,” त्या म्हणाल्या. “राग होता. वर्षभर होता. मग गेला. पण ह्यांच्याजवळ तोंड उघडायची भीती राहिली. वाटायचं, मी बोलेन आणि सहाशे माणसं हसतील. महिनाभर मी काही बोलले नाही, तेव्हा ह्यांनी ही वही ठेवली टेबलावर. ‘गॅस सिलिंडर नोंदवण्याबाबत, आदेशार्थ सादर.’ मला हसू आलं. मी लिहिलं, मंजूर. मग सुटलेच मी. कागदाला कान नसतात ना.”

सगुणा कुठंही गेली नव्हती. ती समासात राहायला गेली होती. तिथं जायला एकच वाट होती, आणि ती वाट मला दाखवण्यात आली होती. आदेशार्थ सादर.

“हे मला सिनेमाबद्दल कधी तरी लिहितील म्हणून मी वाट बघायची,” काकू म्हणाल्या. “नवी वही आणली की वाटायचं, हिच्यात लिहितील. शेरासुद्धा ठरवून ठेवला होता.”

“काय ठरवला होता?”

“ते आता कशाला?”

मग मी सांगितलं. चार मुद्दे होते, पान पूर्ण झालं होतं, मी ते मोडीत काढलं. माफी अशी मागत नाहीत, असं मी म्हणाले होते. काकूंनी मला मध्ये थांबवलं नाही. सांगून झाल्यावर विचारलं, “काय होतं? आठवतंय?”

पहिले तीन मी अडखळत सांगितले. चौथा सलग. क्षमेचा विषय सर्वस्वी आपल्या अखत्यारीत आहे.

काकूंनी पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही. मी उठून जवळ जावं की नाही, तेही कळलं नाही. बसून राहिले.

“सर्वस्वी,” त्या म्हणाल्या. “असं म्हणाले होते?”

“हो.”

“तू लहान आहेस,” त्या म्हणाल्या. “तुझी चूक नाही, असं मी म्हणणार नाही. आहे. पण चहा घेऊन जा.”

मी विचारलं, पुण्याला अजून कळवू का, अजून काही करता येईल, तुमची सही लागेल फक्त. त्या म्हणाल्या, “ह्यांनी विचारायचं होतं ते. तू विचारून काय उपयोग?” आणि चहा ठेवायला आत गेल्या.

एकोणिसावी वही सगळ्यात वर होती. मी ती उघडली. फाडलेल्या पानाची सरळ कड दिसत होती. त्याच्या पुढच्या पानावर काकांनी समास आखला नव्हता. क्रमांक नव्हते, विषय नव्हता. शाई तीन वेगवेगळ्या दिवसांची होती. पहिल्या दिवशी ‘प्रिय कौशल्या’ लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यातलं ‘प्रिय’ खोडलं होतं. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा लिहिलं होतं, आणि पुढं :

तू जे बोलायचीस ते मला इतकं आवडायचं, की मी